घरची गाडी शर्यतीत धावते तेव्हा

शर्यतीची गाडी म्हटली की आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे टीव्हीवर दिसणारी फॉर्म्युला वनची गाडी येते. जमिनीला चिकटलेली, चारही चाके उघडी, आत कसाबसा एकच माणूस मावणारी. ही गाडी शर्यतीसाठीच तयार होते. तिच्यात बसून कोणी लग्नाला जात नाही की तुरीचे पोते बाजारात नेत नाही. या लेखात आम्ही लिहिणार आहोत ते दुसऱ्या प्रकारच्या गाडीविषयी. ही गाडी आधी घरची असते आणि मग शर्यतीची होते. तिला टूरिंग कार म्हणतात.

हा फरक समजून घ्यायला आपल्याला लांब जावे लागत नाही. देवणी-उदगीरपासून भालकी-बीदरपर्यंत आपल्या भागात देवणी वाणाची जनावरे पाळली जातात. गाय दूध देते, बैल औताला चालतो. एकाच वाणाकडून दोन्ही कामे होतात, म्हणून शेतकरी त्याला मानतो. टूरिंग कारचे तसेच आहे. जी गाडी आठवडाभर माणसे वाहते, तीच गाडी थोडे रूप बदलून शर्यतीत उतरते.

जुन्या टूरिंग गाड्यांचे आम्हाला वेड आहे, हे आधीच सांगून टाकतो. तरी हा लेख केवळ हौसेपोटी लिहिलेला नाही. या गाड्या कशा घडल्या हे नीट समजले तर वेग म्हणजे काय आणि त्याची किंमत काय, हेही समजते. हातात नुकतीच गाडीची किल्ली आलेल्या आमच्या मोठ्या मुलांना आणि ती किल्ली देणाऱ्या पालकांना ते समजणे आज फार गरजेचे आहे.

विकाल तीच पळवा

टूरिंग कारच्या शर्यतीचा मूळ नियम साधा आहे. कंपनीने जी गाडी सामान्य ग्राहकांना विकली असेल तीच शर्यतीत आणायची. एखादी खास गाडी गुपचूप बनवून ती 'घरची' म्हणून उतरवता येत नाही. तशा किती गाड्या तयार व्हायला हव्यात याचा आकडा ठरलेला असतो. त्यानंतरच त्या गाडीला शर्यतीसाठी मान्यता मिळते. गाडीचा मूळ सांगाडा तोच ठेवावा लागतो. इंजिन, स्प्रिंगा, ब्रेक, चाके यांत नियम परवानगी देतील तेवढेच बदल करता येतात.

या नियमामुळे काही साध्या गाड्या जगप्रसिद्ध झाल्या. इंग्लंडची मिनी हे त्यातले ठळक उदाहरण. १९५६ च्या सुएझ संकटात इंग्लंडमध्ये पेट्रोलची टंचाई झाली. कमी पेट्रोल पिणारी, छोटी, चार माणसांची गाडी हवी म्हणून अॅलेक इसिगोनिस यांनी मिनीचा आराखडा केला आणि १९५९ मध्ये ती बाजारात आली. तिची चाके अवघी दहा इंचांची. पण इंजिन आडवे बसवलेले, ताकद पुढच्या चाकांना दिलेली आणि चारही चाके अगदी कोपऱ्यांत, त्यामुळे वळणावर ती रस्ता सोडत नसे. याच मिनीच्या कूपर एस या प्रकाराने १९६४, १९६५ आणि १९६७ अशी तीन वर्षे बर्फाळ घाटांतली मोंटे कार्लो रॅली जिंकली. तिच्यापेक्षा कितीतरी दणकट इंजिनाच्या गाड्या मागे राहिल्या.

इटलीच्या अल्फा रोमिओने १९६५ मध्ये आपल्या जुलिया गाडीचा 'जीटीए' नावाचा प्रकार काढला. त्यातला शेवटचा 'ए' म्हणजे अल्लेज्जेरीता, इटालियन भाषेत 'हलकी केलेली'. बाहेरचे पोलादी पत्रे काढून त्या जागी अॅल्युमिनियमचे पत्रे लावले होते. गाडी वेगवान करण्याचा हा जुना आणि शहाणपणाचा मार्ग आहे. ओझे कमी केले की तेच इंजिन जोरात पळवते, ब्रेकला कमी कष्ट पडतात आणि टायरही कमी झिजतात.

सोलापूरचे वालचंद आणि 'डुक्कर फियाट'

आपल्याकडे या जातीची गाडी कोणती, असे कोणी विचारले तर आम्ही एकच नाव घेऊ : फियाट. आणि तिची गोष्ट आपल्या शेजारच्या सोलापूरपासून सुरू होते.

वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापूरला झाला. जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्ही गोष्टी भारतात बनल्या पाहिजेत हा त्यांचा ध्यास होता. १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना उभा राहिला तो त्यांच्या पुढाकाराने. तोच पुढे सरकारी मालकीचा होऊन आजचा एचएएल झाला. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना आला. इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन १९५४ मध्ये फियाट ११०० ही गाडी तिथून बाहेर पडू लागली. वालचंद मात्र ती पाहायला नव्हते. १९५३ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

या पहिल्या फियाटची पाठ गोल आणि तोंड पुढे आलेले होते. मराठी माणसाने लगेच तिचे नाव ठेवले, 'डुक्कर फियाट'. नाव थट्टेचे असले तरी त्यात माया होती. पुढचे दार मागच्या बाजूला बिजागरी असलेले, म्हणजे उलटे उघडणारे. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली. पुढे दोन्ही चाकांना स्वतंत्र कॉइल स्प्रिंगा आणि मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. १९६४ मध्ये तिच्या जागी चौकोनी ढंगाची ११०० डिलाइट आली. तीच १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी असे समीकरणच झाले. वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली.

एकच इंजिन, दोन स्वभाव

डुक्कर फियाटचे इंजिन १०८९ सीसीचे. चार सिलिंडर, म्हणजे प्रत्येक सिलिंडर साधारण २७२ सीसीचा, पाव लिटरपेक्षा किंचित मोठा. इटलीत १९५३ मध्ये ही गाडी दोन प्रकारांत निघाली. साध्या गाडीची ताकद सुमारे ३६ अश्वशक्ती होती. दुसऱ्या प्रकाराचे नाव 'तुरिस्मो वेलोचे', म्हणजे 'वेगवान प्रवासी'. त्याची ताकद सुमारे ५० अश्वशक्ती. तोंडावर मधोमध तिसरा दिवा ही त्याची खूण. इंजिनाचा आकार दोघांतही तोच, १०८९ सीसी. मग जास्तीची ताकद आली कुठून?

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण ते पेट्रोल आणि हवा यांच्या मिश्रणावर चालते. पिस्टन खाली जाताना मिश्रण आत ओढतो, वर येताना ते दाबतो, प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेटून पिस्टनला खाली ढकलते आणि पुढच्या वेळी धूर बाहेर जातो. मिनिटाला ४४०० फेरे फिरणाऱ्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये हे चक्र सेकंदाला ३६-३७ वेळा पूर्ण होते. ताकद वाढवायचे मार्ग यातच दडलेले आहेत. मिश्रण जास्त दाबले तर स्फोट जोरदार होतो. कार्बोरेटर मोठा केला आणि आत जाणारी वाट गुळगुळीत केली तर इंजिन मोकळा श्वास घेते. धूर बाहेर जाण्याची वाट मोकळी केली तर पुढच्या मिश्रणाला जागा होते. आणि इंजिन जास्त फेरे फिरू शकले तर तेवढ्याच वेळात जास्त स्फोट होतात.

प्रत्येक फायद्याची किंमतही मोजावी लागते. दाब फार वाढवला तर मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटते, इंजिन ठोके देऊ लागते आणि पिस्टनला भोक पडू शकते. फेरे वाढले की ऑइल आणि बेअरिंगवर ताण येतो. उष्णता वाढते, आणि कलबुर्गीच्या मे महिन्यातल्या उन्हात साधी गाडीही रेडिएटर तापवते हे आपण पाहतोच. म्हणून चांगला मिस्त्री एक गोष्ट बदलली की तिच्याशी जोडलेल्या चार गोष्टी तपासतो. नुसता सायलेन्सर कापून आवाज वाढवणे याला आम्ही सुधारणा म्हणत नाही. त्याने कानठळ्या बसतात, ताकद म्हणावी तशी वाढत नाही.

विमानाच्या धावपट्टीवरच्या शर्यती

भारतात शर्यतींना ट्रॅक मिळाला तो दुसऱ्या महायुद्धाच्या उरलेल्या धावपट्ट्यांवर. चेन्नईच्या उत्तरेला शोलावरम येथे अशी एक सोडून दिलेली धावपट्टी होती. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तिथे अनेक वर्षे शर्यती भरवल्या. परदेशी गाड्या आणणे परवान्यांच्या त्या काळात फार अवघड होते. त्यामुळे हौशी लोकांनी जे हाताशी होते त्यावरच हात चालवला : फियाट, अॅम्बेसेडर आणि मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेरल्ड. सुटे भाग मिळत नसत, म्हणून ते लेथवर घडवले जात. आम्हाला या काळाचे सर्वांत जास्त कौतुक वाटते ते यासाठीच. विकत घेता आले नाही ते लोकांनी हाताने आणि डोक्याने करून दाखवले.

कोइमतूरचे एस. करिवर्धन हे त्या पिढीतले मोठे नाव. त्यांनी भारतीय गाड्यांचे सुटे भाग वापरून शर्यतीच्या गाड्या घडवल्या. घरोघरी पोचलेल्या मारुती ८०० च्या भागांपासून बनवलेली त्यांची 'फॉर्म्युला मारुती' तरुणांना परवडणारी होती. पुढे २००५ मध्ये भारताचे पहिले फॉर्म्युला वन चालक झालेले नारायण कार्तिकेयन यांनी सुरुवातीला हीच गाडी चालवली होती. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. कोइमतूरजवळचा करी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावाचा आहे. शोलावरमच्या धावपट्टीची जागा १९९० नंतर श्रीपेरंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील खास बांधलेल्या ट्रॅकने घेतली.

पळण्याआधी थांबायची तयारी

शर्यतीची गाडी तयार करताना जाणकार माणूस इंजिनाकडे शेवटी वळतो. आधी तो ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन पाहतो. याचे कारण आमच्या आठवीच्या पुढच्या विद्यार्थ्यांना गणिताने समजेल. चालत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, आणि ती सगळी ऊर्जा ब्रेकला उष्णतेच्या रूपाने जिरवावी लागते.

एक उदाहरण घेऊ. रस्ता कोरडा आहे, ब्रेक चांगले आहेत आणि गाडीचा वेग दर सेकंदाला सेकंदी ६ मीटरने कमी होतो असे धरा. समोर म्हैस दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असेही धरा. ताशी ४० किलोमीटर वेगात त्या एका सेकंदात गाडी ११ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी सुमारे १० मीटर. एकूण २१ मीटर. आता वेग ८० करा. एका सेकंदात २२ मीटर आणि ब्रेक लागल्यावर ४१ मीटर, एकूण ६३ मीटर. वेग दुप्पट, पण थांबायला जागा तिप्पट लागली. रस्ता ओला असेल, टायर गुळगुळीत असतील किंवा गाडीत सहा जण कोंबलेले असतील तर आणखी जास्त.

जुन्या फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. ड्रम बंद डब्यासारखा असल्याने त्यातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. सारखा ब्रेक मारला की लायनर तापून पकड सुटते. शर्यतीच्या गाडीत म्हणून ड्रमपर्यंत वारा पोचवण्याची सोय करतात आणि जास्त उष्णता सोसणारे लायनर बसवतात. आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा असतो, गाडी उलटली तरी छत चेपू नये म्हणून. चालकाला खांद्यावरून आणि कमरेवरून आवळणारे पट्टे, हेल्मेट आणि आगीला दाद न देणारे कपडे असतात. ट्रॅकच्या कडेला अडथळे, अग्निशामक आणि डॉक्टर असतात. समोरून कोणी येत नाही. एवढे सगळे असल्यावरच तिथे वेगाला मुभा मिळते.

आग्रा रोडवरून गेलेली शर्यत

टूरिंग गाड्यांची एक थोर शर्यत आपल्या महाराष्ट्रातूनही गेली आहे. २४ नोव्हेंबर १९६८ ला लंडनहून ९८ गाड्या सिडनीला जायला निघाल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान पार करून त्या दिल्लीला आल्या. तिथून इंदूर, धुळे, नाशिक असा आग्रा रोड धरून मुंबईला पोचल्या. मुंबईहून 'चुसान' नावाच्या बोटीने त्या ऑस्ट्रेलियाला गेल्या आणि १७ डिसेंबरला सिडनीत शर्यत संपली.

मुंबईत सर्वांच्या पुढे होता इंग्लंडचा रॉजर क्लार्क, वेगवान लोटस कॉर्टिना घेऊन. ऑस्ट्रेलियात त्याच्या गाडीने दगा दिला. शेवटच्या टप्प्यात बेल्जियमचा लुसिएन बियांकी सित्रोएन गाडीत आघाडीवर होता. शर्यत संपायला थोडेच अंतर राहिले असताना समोरून आलेल्या एका मिनीशी त्याच्या गाडीची टक्कर झाली आणि तो जबर जखमी झाला. त्या ठिकाणी पहिल्यांदा पोचला पॅडी हॉपकर्क. १९६४ ची मोंटे कार्लो रॅली मिनीमध्ये जिंकणारा तोच हा. त्याने आपली गाडी थांबवली आणि जखमींच्या मदतीला धावला. जिंकण्याची आशा त्याने तिथेच सोडली, आणि शेवटी तो दुसरा आला.

पहिला आला स्कॉटलंडचा अँड्र्यू कोवन. त्याची गाडी होती हिलमन हंटर, १७२५ सीसीची, शाळामास्तर किंवा बँकेचा कारकून वापरील अशी. मुंबईत ती आघाडीवर नव्हती. पण कोवन आणि त्याच्या दोन सोबत्यांनी ती सांभाळून, न मोडता, अखंड सिडनीपर्यंत नेली. आम्हाला या शर्यतीतल्या सगळ्या गाड्यांपेक्षा हे दोघे जास्त आठवतात, गाडी जपणारा कोवन आणि गाडी थांबवणारा हॉपकर्क.

आपल्या रस्त्यांवर

सोलापूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग बसवकल्याण आणि हुमनाबाद तालुक्यांतून जातो. रस्ता रुंद आणि गुळगुळीत झाला आहे. परीक्षा संपली की आपली काही मुले त्यावर मोटारसायकली आणि कधी वडिलांची कार पळवतात. पण याच रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर असतात, बिनदिव्याच्या गाड्या असतात, शेतातून घरी परतणारी माणसे आणि जनावरे असतात. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, हा केंद्र सरकारचा आकडा आहे.

रस्त्यावर शर्यत होऊच शकत नाही असे नाही. ११ फेब्रुवारी २०२३ ला हैदराबादेत हुसेनसागराच्या काठी विजेवर चालणाऱ्या गाड्यांची फॉर्म्युला ई शर्यत झाली. पण त्यासाठी तो रस्ता पूर्ण बंद करून दोन्ही बाजूंनी भक्कम अडथळे उभारावे लागले. वाहत्या रस्त्यावर विनापरवाना शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे. पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि बारा महिन्यांसाठी गाडीची नोंदणी रद्द, अशी तरतूद आहे. कायद्याच्या धाकापेक्षा वरचे २१ आणि ६३ मीटरचे गणित मुलांना घरी बसवून समजावले तर जास्त उपयोग होईल असे आम्हाला वाटते.

जुन्या गाडीवर प्रेम करणाऱ्यांसाठी शेवटी एक उपयोगाची माहिती. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात जपलेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. २०२१ च्या नियमांनुसार अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन किंवा जुन्या गाड्यांच्या रॅलीसाठी नेता येते. कोणाच्या वाड्यात आजोबांची डुक्कर फियाट धूळ खात उभी असेल तर ती भंगारात देण्याआधी एवढा विचार जरूर करावा.

विश्वस्त मंडळाला आमची एक विनंती आहे. येत्या विज्ञान प्रदर्शनात एक जुने चार सिलिंडरचे इंजिन कापून, आतले पिस्टन दिसतील असे मांडावे आणि ते समजावून सांगायला गावातल्या एखाद्या जुन्या मिस्त्रींना सन्मानाने बोलवावे. विद्यार्थ्यांनी तोवर शाळेच्या मैदानावर एक प्रयोग करावा. मोठ्यांच्या देखरेखीखाली सायकल आधी सावकाश आणि मग दुप्पट वेगाने आणून खडूच्या रेघेवर ब्रेक दाबावा. दोन्ही वेळा रेघेपासून चाक कुठे थांबले ते टेपने मोजावे आणि आकडे वहीत लिहून गणिताच्या सरांना दाखवावेत.